एका झूममधला सह्याद्री

राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पहाटे पोचलं की पूर्वेला सुवेळा माचीमागे उजाडत असतं आणि पश्चिमेला तोरण्याचा माथा हळूहळू तांबूस होत असतो. हवाई अंतराने तोरणा इथून सहा-सात किलोमीटरवर आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर त्याच्याशिवाय दुसरीकडे लक्षच जात नाही. तिथे आलेले बहुतेक जण कॅमेरा काढतात, लेन्स २४ मिलिमीटरवर असते ती तशीच ठेवतात आणि फोटो घेतात. घरी येऊन पाहावं तर तोरणा म्हणजे क्षितिजावरचा एक उंचवटा, आणि बाकी सगळं आभाळ आणि धुकं.

हे असं का होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. दरीपासून तोरण्याची उंची ढोबळमानाने ६०० मीटर धरू आणि अंतर ७ किलोमीटर. २४ मिमीची लेन्स सेन्सरवर त्याची जी प्रतिमा पाडते तिची उंची भरते जेमतेम २ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर स्वतः २४ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे तोरण्याच्या वाट्याला फोटोचा बारावा हिस्सा आला. झूमची रिंग फिरवून तीच लेन्स १०५ वर नेली की प्रतिमा ९ मिलिमीटरची होते, चौकटीच्या एक तृतीयांशाहून जास्त. आता कातळाचे आडवे थर सुटे दिसतात, त्यांच्यामधल्या पट्ट्यांवर वाढलेलं गवत दिसतं, माथ्यावर तटाची रेघ दिसते. फोटो काढणारा जागचा हललेला नाही. हलायला जागाही नाही, कारण पुढे कडा आहे.

सह्याद्रीत फिरणाऱ्याने एकच लेन्स न्यायची तर ती २४–१०५ किंवा २४–१२० असावी, असं माझं मत या शेवटच्या वाक्यामुळे झालं आहे. आल्प्समध्ये किंवा लडाखमध्ये दरीच्या तळाशी उभं राहून वर बघत फोटो काढता येतात, दोनशे पावलं पुढे-मागे होता येतं. आपल्याकडे बहुतेक मोठी दृश्यं कड्याच्या टोकावरून दिसतात. कोकणकडा घ्या, ढाकची वाट घ्या, रतनगडाचं नेढं घ्या. पाऊल टाकायला मोकळीक चार-पाच मीटरची असते, आणि जे पाहायचं ते कित्येक किलोमीटर दूर असतं. अशा ठिकाणी झूमची रिंग ही चैन राहत नाही.

आकड्यांचा अर्थ आधी पक्का करून घेऊ. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स आडव्या फोटोत सुमारे ७४ अंशांचा पट्टा घेते, ५० मिमीची ४० अंशांचा आणि १०५ मिमीची साडेएकोणीस अंशांचा. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर निकॉन, सोनी, फुजीसाठी दीडपट आणि कॅननसाठी १.६ पट धरायचं. म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८–५५ ची किट लेन्स निकॉनवर साधारण २७ ते ८२ चं काम करते, आणि १८–१४० किंवा १८–१३५ घेतली तर हा पल्ला दोनशेच्याही पुढे जातो. ज्यांच्याकडे ती जुनी १८–१४० कपाटात पडून आहे, त्यांनी सह्याद्रीसाठी नवीन काही घेण्याची घाई करू नये.

आता या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. झूम केल्याने डोंगर जवळ येतो असं आपण बोलतो, पण जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण झूमने बदलत नाही. ते बदलतं फक्त पायांनी. हे एकदा उदाहरणाने पाहिलं की पुन्हा विसरायला होत नाही.

फाल्गुनातला पळस डोळ्यांसमोर आणा. झाड ६ मीटर उंच, त्याच्यामागे ३ किलोमीटरवर ६०० मीटर उंचीचा डोंगर. तुम्ही झाडापासून १० मीटरवर उभे आहात आणि लेन्स २४ वर आहे. सेन्सरवर पळस १४ मिलिमीटर उंच पडेल आणि डोंगर ५ मिलिमीटरला थोडा कमी. फोटो पळसाचा झाला, डोंगर मागे नुसता सूचित झाला. आता उलट चालत जा, झाडापासून ४५ मीटरवर थांबा आणि लेन्स १०५ वर न्या. पळस पुन्हा १४ मिलिमीटरच भरेल, पण डोंगर जवळजवळ २१ मिलिमीटरचा होईल. झाड तेवढंच राहिलं आणि डोंगर चौपटीहून मोठा झाला. केशरी फुलांचा तो झुबका आता कातळाच्या भिंतीवर येऊन टेकतो. दोन्ही फोटो खरे आहेत, पण दोन्हींत सांगितलेली गोष्ट वेगळी आहे.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी ठरवायचं की जवळचं आणि दूरचं यांच्यात कोण मोठं हवंय. त्यानुसार चालत जाऊन जागा पकडायची. मग रिंग फिरवून चौकटीच्या कडा नीट करायच्या: डावीकडची विजेची तार बाहेर, उजवीकडचं कोरडं झाड बाहेर. बरेच जण हा क्रम उलटा करतात. गाडीतून उतरतात, जिथे उतरले तिथेच उभे राहून रिंग मागे-पुढे करतात आणि जे बरं दिसेल ते घेतात. झूममुळे फोटोग्राफर आळशी होतो ही जुनी तक्रार या सवयीबद्दल आहे, आणि सवयीपुरती ती योग्यही आहे. लेन्सचा त्यात दोष नाही.

त्या तक्रारीमागे थोडा इतिहासही आहे. निसर्गचित्रणातल्या थोर लोकांनी झूम वापरली नाही, असं प्राइम लेन्सचे, म्हणजे एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सचे, भक्त सांगतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा दाखला हटकून दिला जातो. पण १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ त्याने उगवत्या चंद्राचा जो जगप्रसिद्ध फोटो काढला, त्यासाठी त्याने वापरलेली कूक कंपनीची लेन्स ‘ट्रिपल कन्व्हर्टिबल’ जातीची होती. तिचे पुढचे-मागचे भाग सुटे करता येत, आणि एका लेन्समधून तीन वेगवेगळ्या फोकल लेंग्थ मिळत. अ‍ॅडम्सने त्यातला सर्वांत लांबचा, २३ इंचांचा भाग लावला होता. रस्त्यावरून दिसणारं गाव, कबरींवरचे पांढरे क्रूस, मागचे बर्फाळ डोंगर आणि वर चंद्र. ऊन क्रूसांवरून सरकत होतं, मीटर सापडत नव्हता, म्हणून चंद्राच्या तेजाचा माहीत असलेला आकडा धरून त्याने एक्स्पोजर काढलं. एक निगेटिव्ह झाली आणि दुसरी घेईपर्यंत ऊन गेलं. अशा क्षणी हाताशी योग्य फोकल लेंग्थ असणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला कळलं असेल! एका नळीत अनेक लेन्स असाव्यात ही गरज निसर्गचित्रण करणाऱ्यांची फार जुनी आहे.

३५ मिमी फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ मध्ये आली. फ्रँक बॅक यांनी आराखडा केलेली ही फोइक्टलेंडरची झूमार ३६ ते ८२ मिमीची होती. त्यानंतरची कित्येक वर्षं झूम म्हणजे कडांना मऊ, उन्हासमोर धुरकट आणि सरळ रेषांना बाक देणारी लेन्स, अशीच ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. चांगलं कोटिंग, गोलाकार नसलेली भिंगं आणि संगणकावर केलेले आराखडे यांनी चित्र बदललं. आजच्या चांगल्या २४–१०५ ने एफ ८ वर काढलेला फोटो आणि त्याच फोकल लेंग्थच्या प्राइमने काढलेला फोटो भिंतीएवढा छापून शेजारी लावले तरी फरक ओळखणं अवघड जाईल. बाक अजूनही राहतो: रुंद टोकाला रेषा बाहेर फुगतात, लांब टोकाला आत दबतात. कॅमेरा किंवा संगणकातलं सॉफ्टवेअर तो आपोआप काढून टाकतं. हरिहरेश्वरला समुद्राचं क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेजवळ घेणार असाल तर मात्र ती दुरुस्ती चालू आहे ना, हे पाहून घ्या. वाकलेला समुद्र लगेच खटकतो.

आता प्रत्यक्ष पल्ल्याकडे वळू.

रुंद टोक, म्हणजे २४ ते ३० मिमी, तेव्हाच वापरावं जेव्हा पायाशी काहीतरी आहे. कातळात कोरलेलं टाकं, तुटलेली तोफ, पावसाळ्यातलं डबकं, सोनकीचा ताटवा. त्या वस्तूच्या अगदी जवळ, कधी गुडघ्यावर बसून, जायला हवं. पायाशी काही नसेल तर २४ चा फोटो पोकळ होतो. इथे लेन्सचा मोठा फायदा हा की २४ मिमीवर एफ ११ ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केलं, तर साधारण ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. जवळचं फूल आणि दूरचा डोंगर एकाच फोटोत नीट येतात.

पण हाच नियम लांब टोकाला लावला तर फसगत होते. एफ ११ वरच ५० मिमीला जवळची हद्द पावणेचार मीटरच्या आसपास सरकते, आणि १०५ ला ती जाते सुमारे १७ मीटरवर. म्हणून पळसाच्या त्या दुसऱ्या फोटोत झाड ४५ मीटरवर आहे ते बरं; ते १० मीटरवर असतं तर झाड किंवा डोंगर, दोन्हींतलं एकच निवडावं लागलं असतं. एफ २२ करून हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. एफ ८ ते एफ ११ इथे काम भागवावं, क्वचित एफ १६. क्रॉप सेन्सरवर एक पायरी अलीकडेच थांबावं.

३५ ते ५० या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गावं, देवळं, भातखाचरं यांना तो छान बसतो.

खरा सह्याद्री मात्र ७० ते १२० च्या टप्प्यात आहे. याचं कारण या डोंगरांच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर एकावर एक पसरत गेले आणि बेसॉल्टचे आडवे थर तयार झाले. नंतर पाण्याने ते कापले. त्यामुळे आपले डोंगर हिमालयासारखे टोकदार आणि एकटे नाहीत. सपाट माथे, उभे कडे, पायऱ्या-पायऱ्यांच्या सोंडा, आणि अशा रांगांमागे रांगा. त्यांचं सौंदर्य पुनरावृत्तीत आहे. रुंद लेन्स ती पुनरावृत्ती क्षितिजावरच्या एका बारीक पट्टीत कोंबते. लांब टोक त्या पट्टीतला एक तुकडा उचलून चौकटभर करतं, आणि रांगा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसू लागतात. लेन्सने त्या जवळ आणलेल्या नसतात. पुढचं सगळं चौकटीबाहेर गेल्याने उरलेल्या रांगांची अंतरं नजरेला सारखी वाटतात, एवढंच.

या फोटोंचा जीव हवेत असतो. हवेतले कण आणि रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून जवळची रांग गडद, तिच्यामागची निळसर, त्यामागची फिकट, असा उतरता क्रम लागतो. सूर्य समोर असेल, तेव्हा हा क्रम सर्वांत ठळक होतो. राजगडावरून पूर्वेकडे सकाळी, भाटघरच्या पाण्याच्या बाजूला, पश्चिमेकडे संध्याकाळी. ऑक्टोबरात पाऊस संपल्यासंपल्या हवा धुतलेली असते आणि दूरवरचं स्पष्ट दिसतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दऱ्यांत धुकं साचतं. मार्च-एप्रिलमध्ये धूळ आणि वणव्यांचा धूर यांमुळे चार-पाच किलोमीटरपलीकडचं सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. त्या दिवसांत लांब टोक बाजूला ठेवून जवळचे विषय शोधावेत. भर दुपारी तर तापलेल्या कातळावरची हवा थरथरत असते आणि १०५ वर ती थरथर फोटोत उतरते. लेन्स खराब निघाली अशी शंका येते. खराब असते ती वेळ.

लांब टोकाला चंद्र किती मोठा येईल हेही आधी माहीत असलेलं बरं. चंद्राची सेन्सरवरची प्रतिमा फोकल लेंग्थच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी असते. २४ वर ती पाव मिलिमीटरही भरत नाही, १०५ वर एक मिलिमीटरच्या आसपास. गडाच्या बुरुजामागे मोठा पूर्णचंद्र हवा असेल तर ही लेन्स पुरी पडणार नाही, तिथे ३०० किंवा ४०० च हवी. कोकणकड्यावरून पावसाळ्यात दिसणारं इंद्रवज्र मात्र या झूमच्या आवाक्यात आहे. आपल्याच सावलीभोवती ढगावर उमटणारी ती रंगीत वर्तुळं काही अंशांचीच असतात, ढगातल्या थेंबांच्या आकारानुसार लहान-मोठी होतात आणि क्षणात विरतात. तेव्हा लेन्स बदलायला वेळ नसतो. ५० पासून सुरुवात करा आणि वर्तुळ पाहून रिंग फिरवा.

पावसाळ्याचं नाव निघालंच आहे तर एकाच लेन्सचा आणखी एक मोठा फायदा सांगतो. भुरभुर पावसात, वाऱ्यात, ढगात उभं राहून लेन्स काढणं-घालणं म्हणजे सेन्सरवर धूळ आणि ओल बोलावून घेणं. एफ ११ वर आभाळात करडे ठिपके दिसतात ते या धुळीचेच. एकच झूम लावून ठेवली की कॅमेऱ्याचं तोंड दिवसभर बंद राहतं. पण झूमची नळी लांब-आखूड होताना हवा आत-बाहेर करते, त्यामुळे नळी ओली असताना ती आत ढकलू नये. आधी पुसावी, मग आखडावी. पुढच्या काचेवर तुषार बसतात तेव्हा हुड खूप कामी येतो. नाणेघाटात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा टिपायचा असेल तर खिशात दोन-तीन सुती फडकी असावीत, कारण दोन फोटोंनंतर काच पुसावीच लागते. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवून झोपू नका. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात तर विशेष, भिंगांना बुरशी लागते आणि ती आतल्या काचेवर पसरली की साफसफाईचा खर्च मोठा येतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं एवढ्याने काम भागतं. जेलचे दाणे अधूनमधून तापवून कोरडे करावे लागतात.

ध्रुवीकरण फिल्टर, म्हणजे पोलरायझर, या लेन्सवर जरूर वापरा, पण विचाराने. ओल्या पानांवरची, कातळावरची चकाकी तो काढतो आणि पावसाळी हिरवा रंग खरा दिसतो. त्याची किंमत दीड ते दोन स्टॉप प्रकाशाची. निळ्या आभाळावर मात्र २४ मिमीला तो वापरू नये. सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ सर्वांत जास्त गडद होतं, आणि ७४ अंशांच्या पट्ट्यात एक बाजू काळपट तर दुसरी फिकी अशी विचित्र पट्टी उमटते. ५० च्या पुढे ही अडचण जवळजवळ राहत नाही.

जिथे एका चौकटीत मावत नाही तिथेही २४ वर जाण्याआधी दुसरा उपाय करून पाहा. कॅमेरा उभा धरा, लेन्स ५० किंवा ७० वर ठेवा, एक्स्पोजर आणि फोकस हाताने पक्कं करा आणि एकेक तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशा बेताने डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो घ्या. संगणकावर ते जोडले की रुंदी मिळते आणि डोंगरही बुटके होत नाहीत. कोकणकड्याची ती अंतर्वक्र भिंत अशीच घ्यावी.

कास पठाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कास आहे. जांभ्या खडकावरचा मातीचा थर तिथे काही ठिकाणी इंचभरही नाही, आणि त्या थरावर तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुलतात. एक पाऊल पडलं तरी तिथलं बी आणि मुळं दाबली जातात. २४ मिमीवर फुलं मोठी दिसावीत म्हणून माणसं ताटव्यात आडवी पडतात, हे मी पाहिलं आहे आणि पाहून फार वाईट वाटलं आहे. या झूमला त्याची गरजच नाही. आजच्या २४–१२० सारख्या लेन्स लांब टोकाला ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतात आणि फूल प्रत्यक्ष आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं उमटवतात; वाटेच्या कडेला उकिडवं बसूनही एकच फूल चौकटीत मोठं घेता येतं. आणि वाटेवरच उभं राहून १०५ ने पठारावर नजर टाकली, तर विरळ फुलंही एकामागे एक दाटून येतात आणि गालिचा आपोआप तयार होतो.

विकत घ्यायचं काय, याचं उत्तर आता अवघड नाही. निकॉन झेड २४–१२०, कॅनन आरएफ २४–१०५, सोनी २४–१०५, या तिन्ही एफ ४ च्या लेन्स ६३० ते ७०० ग्रॅमच्या घरात आहेत आणि तिन्हींना ७७ मिमीचा फिल्टर लागतो. एफ २.८ ची २४–७० जड आणि महाग असते, लग्नसमारंभात तिचा उपयोग आहे, पण जो फोटो एफ ११ वरच काढायचा त्यासाठी ते वजन गडावर वाहू नये. १८–३०० किंवा २४–२४० ची लेन्स एकाच नळीत सगळं द्यायला जाते आणि टोकांना कमी पडते; ज्यांना लेन्स बदलायचीच नाही त्यांनी ती खुशाल घ्यावी, इतरांनी टाळावी. आधीपासून १८–५५ असेल तर तिचं ५५ चं टोक वर्षभर मनापासून वापरून पाहा, मग खिशाला हात घाला.

आणि खरेदीआधी एक काम करा. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंग्थ नोंदवून ठेवतो. गेल्या वर्षभरातले डोंगरांचे फोटो संगणकावर त्या आकड्यानुसार लावून बघा. बहुतेक सगळे सर्वांत रुंद आकड्यावर साचलेले असतील, तर नवी लेन्स घेण्याआधी पुढच्या ट्रेकला असलेल्या लेन्सची रिंग दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा आणि दुपारपर्यंत तिथून हलवू नका.